दोन तांबे पाणी

त्या मंगळवारी आईनं मला सकाळी सातलाच कॉटवर नेऊन बसवलं. खाली गादी, पाठीला दोन उशा, अंगावर लग्नातलं जांभळं इरकल आणि पाय दिसू नयेत म्हणून वरून चादर. गौर बसवतात तशी मी बसले होते. फक्त पुढ्यात फराळाचं ताट नव्हतं.

"आई, पोरगी रडली तर मला इथनं तिला घेऊन उतरता येणार न्हाई," मी म्हटलं.

"मी हाय की. आज रजा काढलीया ती कशाला?"

"आणि माझं पोतं कुठं गेलं?"

"मागं परड्यात टाकलंय. त्यांच्यासमोर पोत्यावर बसून फरफटत हिंडणार हाईस काय? एक दिवस दम काढ."

पोत्याचं सांगायला हवं. मी दोन वर्षांची असताना मला पोलिओ झाला. दोन्ही पाय गेले. बाहेर जायला तीनचाकी सायकल होती, पण घरात मी पोत्याच्या तुकड्यावर बसून दोन्ही हातांनी जमीन रेटत सरकायची. आमचं घर गडहिंग्लजला, दोन खोल्यांचं. वडील लवकर गेले. आई मुलींच्या शाळेत शिपाई होती, त्यामुळे दिवसभर घर माझ्या ताब्यात असायचं. आईनं सगळं माझ्या उंचीला उतरवून ठेवलं होतं. स्टोव्ह खाली, पाण्याची घागर खाली, पिठाचा डबा खाली, आरसासुद्धा भिंतीच्या तळाशी. पाहुणे आले की आरशात स्वतःचे गुडघे बघायचे. जमिनीवर असले की मी स्वयंपाक करायची, धुणं करायची, घर सारवल्यासारखं पुसून काढायची. कॉटवर बसवलं की मात्र मी खरोखरच अपंग व्हायची. आईला हे कधी कळलं नाही, कारण कॉटवर मी तिला शोभून दिसायची.

येणार होत्या माझ्या सासूबाई आणि थोरल्या जाऊबाई. कस्तुरी साडेतीन महिन्यांची झाली होती आणि मी अजून माहेरीच होते. तीन दिवसांपूर्वी माझ्या नवऱ्यानं शाळेत फोन करून आईजवळ निरोप ठेवला होता, "आई आणि वहिनी मंगळवारी येतील. जे ठरेल ते सगळ्यांच्या भल्याचंच असेल." बसवराज दूध संस्थेत फॅट तपासायचा. बोलणंही तसंच, नळीत मावेल एवढंच. त्याला एका डोळ्यानं कमी दिसायचं, म्हणून आमची जोडी शोभते असं दोन्हीकडच्या मंडळींनी ठरवलं होतं. आम्हालाही पुढं तसंच वाटायला लागलं, ही गोष्ट वेगळी.

"सगळ्यांच्या भल्याचं म्हंजे काय गं?" आईनं विचारलं होतं.

"येतील तेव्हा कळेल," मी म्हटलं होतं. पण मला तेव्हाच कळलं होतं.

साडेनऊच्या एसटीनं दोघी आल्या. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, आडव्या बांध्याच्या, जाड भिंगांचा चष्मा लावणाऱ्या, बोलण्यात आडपडदा नसलेल्या. त्यांच्यामागून जाऊबाई सुवर्णा, हातात मोठी पिशवी घेऊन. त्यांनी पिशवी माझ्या कॉटच्या पायथ्याशी ठेवली आणि आधी पाळण्याकडं गेल्या. कस्तुरी झोपली होती. त्या वाकून किती तरी वेळ तिच्याकडं बघत राहिल्या.

पिशवीचं तोंड उघडं होतं. आत दूध पाजायची नवी बाटली होती, रबरी बुचासकट. दुधाच्या पावडरीचा सीलबंद डबा होता. आणि वर घडी घातलेला हिरवा लोकरीचा स्वेटर, हातानं विणलेला. स्वेटर चांगला दीड वर्षाच्या पोराला होईल एवढा होता. जिला अंगावरचं दूध मिळतं तिच्यासाठी कुणी डबा आणत नाही, आणि जी आठवड्यानं आईकडं परत यायची तिच्यासाठी कुणी एवढा मोठा स्वेटर विणत नाही. ज्याची मला भीती होती ते पिशवीतच दिसत होतं. त्या माझी पोर घेऊन जायला आल्या होत्या, मला न घेता.

जाऊबाई वाईट असत्या तर माझं काम सोपं झालं असतं. त्यांच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि कूस उजवली नव्हती. मी गरोदर असताना सातव्या महिन्यापर्यंत सासरी होते, तेव्हा माझ्या आंघोळीचं पाणी त्याच उचलून आणायच्या. मोरीला तिथं उंच कट्टा होता, मला ओलांडता यायचा नाही, तर बाहेर आडोसा करून द्यायच्या. मला कधी टाकून बोलल्या नाहीत. डोहाळजेवणाला मला हिरवा चुडा त्यांनी भरला, आणि नंतर गोठ्यात जाऊन रडल्या, हे मला बसवराजनं सांगितलं होतं.

आईनं चहा केला. आत्याबाईंनी बशीत ओतून घेतला आणि फुंकर मारता मारता विचारलं, "पोरगी बाळसं धरलीया. न्हाऊ कोण घालतंय हल्ली?"

"मीच की," आई पटकन म्हणाली. "न्हाणं, तेल, धुरी, सगळं मीच करते. हिला मी कशालाच हात लावू देत न्हाई, विहीणबाई. हिनं नुसतं पाजायचं."

हे धादांत खोटं होतं. सव्वा महिना गल्लीतल्या हौसाबाई न्हाऊ घालायला आल्या. त्यानंतर आई कामावर रुजू झाली आणि आंघोळ माझ्याकडं आली. आपल्याकडं बाळाला पायावर घेऊनच न्हाऊ घालतात. पाय लांब करून बसायचं आणि दोन पोटऱ्यांमधल्या खोबणीत बाळ निजवायचं. माझ्या पायांना पोटऱ्याच नाहीत. शिवाय पाय लांब केले की दोन्ही दोन बाजूंना कलंडतात आणि मधल्या फटीतून बाळ खाली जातं. मी आठ दिवस विचार केला. मग जुन्या लुगड्याच्या दोन चिंध्या फाडल्या. एकीनं गुडघ्यांच्या वर पाय एकमेकांना बांधले, दुसरीनं घोट्यांपाशी, कडब्याची पेंढी बांधतात तसे, आणि वर टॉवेलची घडी घातली. तेल आधी लावायचं नाही हेही ठरवलं, कारण तेलाची पोर ओल्या हातातून निसटते. आधी न्हाणं, मग खाली गोधडीवर ठेवून तेल. हौसाबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "उलटीच तऱ्हा तुझी." पण जमलं. रविवारी तेवढी आई न्हाऊ घालायची आणि त्या दिवशी मोरीपासून उंबऱ्यापर्यंत पाणी व्हायचं. कस्तुरी असे पाय झाडायची की आईचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजायचं. "पोरगी हाय का शिंगरू," आई म्हणायची.

हे सगळं आईला ठाऊक होतं. पण बांधलेले पाय पाहुण्यांना सांगण्यासारखे नव्हते. पोरीचं झाकायचं ही तिची पंचवीस वर्षांची सवय होती, आणि त्या सवयीनंच ती बोलून गेली.

आत्याबाईंनी बशी खाली ठेवली.

"बरं झालं, विहीणबाई, तुम्हीच सांगितलं. आता मला बोलायला अवघड जायचं न्हाई. तुम्ही काय आमच्याकडं येणार न्हाई रोज न्हाऊ घालायला. माझं गुडघं असं झाल्यात, खाली बसले की दुसऱ्यानं उठवावं लागतंय. म्हंजे तिकडं सगळं सुवर्णाच करणार. मग पोरगी सुवर्णाजवळच झोपू दे, तिच्याच अंगाखांद्यावर वाढू दे. चालाय लागंपर्यंत तरी. महानंदाला आणखी चार महिने हितंच ऱ्हाऊ दे, तब्येत सुधारू दे. कशाला तिची आबदा?"

आईनं तोंडावर पदर धरला. आपण काय करून बसलो ते तिला तेव्हा कळलं.

"बसवराज काय म्हणतोय?" मी विचारलं.

"तो काय म्हणणार? म्हणाला, तुम्हा बायकांना कळतंय ते करा."

जाऊबाई पाळण्याजवळून हलल्या नव्हत्या. त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "महानंदा, मी जिवापाड सांभाळीन. तुझीच ऱ्हाईल ती. आई तुलाच म्हणेल."

तेवढ्यात कस्तुरी जागी झाली आणि रडायला लागली. मी सवयीनं पुढं वाकले आणि थांबले. कॉट उंच होता, पाळणा सहा हातांवर होता. आई स्टोव्हपाशी होती. जाऊबाईंनी तिला उचललं, दुपटं ओलं होतं ते बदललं, खांद्यावर घेऊन थोपटलं. "तू बस, तू बस, मी बघते," असं मला म्हणाल्या. पोर दोन मिनिटांत गप्प झाली. माझ्या मात्र पोलक्याला दुधाची ओल फुटली. आत्याबाई माझ्याकडं बघत होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं, मी वाकलेली आणि थांबलेली. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, चालता येत नसलेल्या माणसाकडं बघायची ती ओळखीची नजर होती. आणि मला पहिल्यांदा आईचा संताप आला.

"आई, माझं पोतं आण," मी म्हटलं.

"कसलं पोतं?" आई म्हणाली, आणि डोळे मोठे केले.

मी चादर बाजूला केली. कॉटच्या कडेला दोन्ही हात रोवले आणि अंग खाली सोडलं. जरा जोरातच आपटले. आत्याबाई "अगं, अगं" म्हणेपर्यंत मी जमिनीवर होते. पोतं नव्हतं, तर तशीच सरकत निघाले. इरकल पोत्यापेक्षा जास्त सरकतं हे मला त्या दिवशी कळलं.

"जाऊबाई, द्या तिला. दहा वाजून गेले. तिची आंघोळ व्हायचीया."

जाऊबाईंनी आत्याबाईंकडं बघितलं. आत्याबाईंनी मान हलवली. कस्तुरी माझ्याकडं आली. खुंटीवरून आईला लुगड्याचं फडकं काढायला सांगितलं, पोरीला छातीशी बांधली, आणि हात मोकळे करून मोरीकडं निघाले. आमच्या मोरीला कट्टा नव्हता, नुसता उतार होता. पाणी आईनं तापवून घंगाळात काढलेलंच होतं. तिघी मागून आल्या. मी पाय लांब केले. चिंध्या मोरीतल्या खिळ्याला होत्या, त्या घेतल्या. एक गुडघ्याच्या वर, एक घोट्यापाशी. आई भिंतीकडं तोंड करून उभी होती.

मग मी रोज करते ते केलं. पाण्यात कोपर बुडवून बघितलं. पोरीला पायांवर पालथी घेतली. डावा हात तिच्या छातीखाली, तो शेवटपर्यंत काढायचा नाही. उजव्या हातानं तांब्या, उजव्या हातानंच डाळीचं पीठ. मान, पाठ, मांड्यांच्या वळ्या. मग उताणी. डोक्यावर पाणी धरताना हाताची पन्हाळ कपाळावर. जाऊबाई पंचा पसरून माझ्या शेजारी उकिडव्या बसल्या होत्या, पोर घ्यायला तयार. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. मला वाटतं, त्या मनात शिकत होत्या.

हसू हळूहळू गेलं.

"महानंदा," त्या म्हणाल्या, "ही पाय का हलवत न्हाई?"

कस्तुरी माझ्या पायांवर निवांत पडली होती. डोळे उघडे, मुठी टॉवेलच्या काठावर आवळलेल्या, दोन्ही पाय सरळ. पाणी अंगावरून जात होतं आणि ती इकडची तिकडं होत नव्हती.

आत्याबाई एक पाऊल पुढं आल्या. चष्मा वर केला, खाली केला. "डोस पाजलाय न्हवं पोलिओचा?"

"पाजलाय. दोन झाले."

"मग?"

आत्याबाईंनी वाकून पोरीच्या पायाचा अंगठा बोटानं हलवला. पाय हलला आणि पुन्हा होता तिथं जाऊन पडला. आणि तेव्हाच माझ्या उजव्या बाजूला काहीतरी झालं. जाऊबाईंनी पुढं धरलेला पंचा मांडीवर घेतला. पदर सावरल्यासारखं केलं आणि उकिडव्या बसल्या बसल्याच वीतभर मागं सरल्या. एवढंच. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण माणसं माझ्यापासून किती मागं सरतात ते मी लहानपणापासून बघत आलेय, त्यामुळे मला वीतभर अंतरसुद्धा कळतं.

मी आईकडं बघितलं. आई आता भिंतीकडं नव्हती, माझ्याकडं बघत होती. दर रविवारी हीच पोर तिचं लुगडं भिजवत होती, तिला सगळं ठाऊक होतं. ती डोळ्यांनीच म्हणाली, गप.

मला सगळं एकदम दिसलं. मी एक शब्द बोलले नाही तर पोर माझीच राहणार होती. बाटली, डबा आणि तो हिरवा स्वेटर संध्याकाळच्या एसटीत बसणार होते. लुळी पोर कोण नेणार? लुळ्या आईला लुळी पोर, देवानं जोडी जमवली, असं म्हणून त्या दोघीच्या दोघी मोकळ्या झाल्या असत्या. पुढं कधीतरी पोर चालायला लागली असती तर नवस फळला म्हणता आलं असतं. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, मला अगदी आतून बरं वाटलं. मी तांब्या बुडवला आणि पोरीच्या पोटावर पाणी घातलं. पुन्हा बुडवला आणि पुन्हा घातलं. तेवढा वेळ मी गप्प होते.

मग जाऊबाई हळूच म्हणाल्या, "बिचारी गं."

हा शब्द मी दोन वर्षांची असताना मला चिकटला. शाळेत, देवळात, लग्नाच्या मांडवात, बाळंतपणाच्या खाटेवरसुद्धा तो माझ्या आधी पोचलेला असायचा. तो काही केल्या निघत नाही. पोर साडेतीन महिन्यांची होती. तिच्या डोक्यावर अजून जावळही धड नव्हतं.

"आत्याबाई," मी म्हटलं, "खाली बसा. तुमच्या पायावर घ्या तिला."

"मला कुठं बसवतंय?"

"बसा जरा. मागनं उठवू."

आईनं "राहू दे की" म्हटलं, पण आत्याबाई भिंतीला धरून, "शिवा, शिवा" करत मोरीत बसल्याच. लुगडं वर घेतलं, पाय लांब केले. कसले पाय होते ते. उन्हातान्हात चाळीस वर्षं राबलेले, पोटऱ्या ओंडक्यासारख्या. मी छातीखाली हात धरून कस्तुरीला उचललं आणि त्या पायांवर उताणी निजवली. आत्याबाईंनी तांब्या घेतला.

पोरीनं एकदा माझ्याकडं बघितलं. मग आत्याबाईंच्या चष्म्याकडं. मग दोन्ही पाय पोटाशी घेतले आणि झाडले. तांब्या आत्याबाईंच्या हातातून उडाला आणि घंगाळावर जाऊन आदळला. सगळं पाणी चष्म्यावर. पुन्हा पाय आखडले, पुन्हा झाडले. उजवा, डावा, दोन्ही. जाऊबाईंच्या तोंडावर पाणी उडालं. आत्याबाई चष्मा पुसायलाही विसरल्या. त्यांनी दोन्ही हातांनी पोरीला धरून ठेवली आणि तिचे ते नाचणारे पाय बघत बसल्या.

"मग तुझ्याजवळ अशी लाकडावाणी का पडली होती?"

"मला म्हाईत न्हाई," मी म्हटलं. "पहिल्यांदा माझ्याजवळबी हलायची. एकदा खाली घसरली. मी दंडाला धरली म्हणून वाचली, पण दोघीबी भ्यालो. त्यानंतर हळूहळू हलायची थांबली. मी काय शिकवलं न्हाई. आईच्या पायावर दर रविवारी असाच धिंगाणा घालती."

आत्याबाईंनी मान वळवली. "रविवारी? आणि सोमवारी कोण घालतंय, विहीणबाई?"

आई खाली बघत म्हणाली, "तीच घालती. मी दहाला शाळेत जाते."

"मग मघाशी?"

"तिचं ते पाय बांधणं... तुम्हाला बघवलं नसतं."

आत्याबाईंनी कस्तुरीला उचललं आणि माझ्या पायांवर ठेवलं. पोर शांत झाली. मुठी टॉवेलच्या काठावर गेल्या. त्यांनी पुन्हा उचलून स्वतःच्या पायांवर घेतलं. पोरीनं पाय झाडले. पुन्हा माझ्या पायांवर. पोर गप्प. दूध संस्थेत फॅट दोनदा तपासतात, शंका असेल तर तिसऱ्यांदा. माझा नवरा कुणावर गेलाय ते मला तेव्हा समजलं.

"पुरे आता, सर्दी होईल तिला," मी म्हटलं.

"व्हय, व्हय. सुवर्णा, पंचा दे. आणि तेल कुठाय?"

"तेल नंतर. आधी न्हाणं, मग तेल."

"उलटंच की गं."

"हो."

"असू दे," आत्याबाई म्हणाल्या. जरा वेळानं, पोरीच्या टाळूवर पंचा टेकवत, तिच्याशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "आईला तुझ्या पाय न्हाईत हे कळलंय व्हय तुला? म्हणून तू आपलं आवरून धरतीस?" आणि मग आईकडं बघून नेहमीच्या आवाजात, "गुरुवारी बसवराजला पाठवते. दोघींना घेऊन येईल. तिकडं मोरीचा कट्टा उद्याच फोडाय सांगते. हिला आत जाता आलं पाहिजे."

मग त्यांना उठता येईना. मी पाय बांधलेली, त्या गुडघे आखडलेल्या, अशा आम्ही सासू-सुना मोरीत पाण्यात बसून राहिलो. जाऊबाईंनी आणि आईनं त्यांना काखेत हात घालून उठवलं. मला उठवायला कुणी पुढं आलं नाही, आणि ते मला बरं वाटलं. चिंध्या मी माझ्या मीच सोडल्या.

दुपारची जेवणं झाली. निघताना आत्याबाई आईशी दारात बोलत उभ्या राहिल्या. जाऊबाईंनी पिशवीतून स्वेटर काढून माझ्याजवळ ठेवला. बाटली आणि डबा पिशवीतच राहिला. त्या माझ्यासमोर खाली बसल्या. कस्तुरी माझ्या मांडीवर दूध पिऊन झोपली होती.

"महानंदा, मी मागं सरले ते बघितलंस न्हवं तू?"

मी खोटं बोलू शकले असते. "बघितलं," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. डोळे पुसले नाहीत, काही कारणही दिलं नाही. पोरीच्या पायाला दुपट्यावरूनच हात लावला आणि उठल्या.

गुरुवारी बसवराज आला. आम्ही सासरी पोचलो तेव्हा मोरीचा कट्टा फोडलेला होता, सिमेंट अजून ओलं होतं. त्यानंतर कस्तुरीची आंघोळ मी केली आणि तेल जाऊबाईंनी लावलं, ती चार वर्षांची होईपर्यंत रोज. सगळ्या अंगाला लावायच्या तेवढंच पायांना वेगळं लावायच्या. तळवे, घोटे, एकेक बोट. आत्याबाई म्हणायच्या, "पुरे की, कातडं निघंल तिचं." त्या थांबायच्या नाहीत. पावसाळ्यात तिला कडेवर घेऊन शाळेत सोडायच्या. ती धावण्याच्या शर्यतीत दुसरी आली तेव्हा गल्लीत साखर वाटली. स्वतःचं मूल त्यांना झालं नाही. कस्तुरी त्यांना मोठी आई म्हणायची. ती दीड वर्षाची झाली तेव्हा स्वेटर तिला बरोबर झाला.

गेल्या माघात जाऊबाई गेल्या. शेवटचे दोन महिने अंथरुणावर होत्या. कस्तुरी पुण्याहून रजा काढून आली आणि रोज त्यांचे पाय चेपत बसायची. एकदा मी शेजारी असताना त्या तिला म्हणाल्या, "तुझ्या आईला विचार, मी एकदा कशी मागं सरले होते ते. एवढं एकच पाप माझ्या नावावर हाय." कस्तुरीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "काय तरी जुनं काढून बसल्यात, झोपू दे त्यांना."

बत्तीस वर्षं त्यांनी ती वीतभर जागा भरून काढली. आणि मी, दोन तांबे पाणी घालेपर्यंत, पोरीचे पाय चांगले आहेत हे ठाऊक असून गप्प बसले होते आणि मला बरं वाटत होतं, हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही. त्यांनी पापाचं काढलं त्या दिवशी तरी सांगायला हवं होतं. त्या माझ्याकडंच बघत होत्या.